दिमिष्काच्या वाटेवरचा घोडा

"बाई, हा घोडा बुडून मेलाय," दीना पारधे म्हणाली.

आईचा हात फळ्यावरच थांबला. फळा म्हणजे लाकडी चौकटीवर ताणून बसवलेलं काळं फ्लॅनेल. मागून फ्लॅनेल चिकटवलेली कागदी चित्रं त्यावर दाबली की तशीच राहायची. मिशनच्या मिससाहेब अमेरिकेला परत जाताना अशा चित्रांची एक पत्र्याची पेटी आमच्या चर्चच्या मंडळीला ठेवून गेल्या होत्या. त्या रविवारी आई शौलाची गोष्ट सांगत होती: तो ख्रिस्ती लोकांना पकडायला दिमिष्क शहराकडे निघतो आणि वाटेत लख्ख प्रकाशाने खाली पडतो. खाली वाळू, वर ढग, ढगातून तिरपा पिवळा प्रकाश, वाळूत उताणा पडलेला शौल आणि त्याच्या शेजारी मागच्या पायांवर उभा राहिलेला एक पांढरा घोडा.

"कधी मेला?" आईने विचारलं.

"मागच्या महिन्यात. तुमच्यासमोरच की. फारोच्या रथाला जुंपला होता. तांबड्या समुद्रात रथ, घोडे, स्वार, सगळे बुडाले म्हणालात. हा तोच आहे. कानापाशी फाटलाय बघा."

वर्ग हसला. आई वाकली, घोड्याचा कान पाहिला आणि म्हणाली, "तोच आहे. पेटीत घोडा एकच आहे, दीना. त्याला दोन्हीकडे जावं लागतं."

"बरं, जिवंत धरू. पण मग पुढे त्याचं काय झालं?"

"कोणाचं?"

"घोड्याचं. शौल आंधळा झाला, बरोबरच्या माणसांनी त्याला हाताला धरून चालवत दिमिष्कात नेलं, असं तुम्ही आत्ता म्हणालात. घोडा असताना आंधळ्या माणसाला कोणी चालवत नेईल का? वर बसवतील, लगाम धरतील. आणि नसेल बसवलं, तर घोडा कोणी नेला? बिथरलेलं जनावर वाटेत तसंच सोडतात होय?"

"दिमिष्काच्या स्टँडवर टांग्याला लावला असेल!" गिदोन शिरसाट मागून ओरडला.

आता सगळेच ओरडायला लागले. कोणी खिंकाळलं. आमच्या शब्बाथ शाळेचा, म्हणजे रविवारच्या बायबल-शिक्षणाचा, हा मोठा वर्ग, बारा ते पंधरा वयाची अकरा मुलं, देवळाच्या डाव्या व्हरांड्यात भरायचा, आणि दोन वर्षांत त्याने तीन शिक्षक पळवून लावले होते. शेवटच्याने पाळकसाहेबांच्या हातात हजेरी देऊन सांगितलं होतं, की मला उपदेशाला तुरुंगात पाठवा, पण इथे नको. मग कोणीच तयार होईना तेव्हा आई तयार झाली. आठवडाभर ती मिशनच्या दवाखान्यात केसपेपर काढायला बसायची. शिकवण्याचा तिला काही अनुभव नव्हता.

मी त्याच वर्गात, पहिल्या रांगेत, तेरा वर्षांची. मला वाटत होतं की आईने आता टेबलावर हात आपटावा. दीनाला बाहेर काढावं. निदान "गप्प बसा" तरी म्हणावं.

आई दोन पावलं मागे सरकली आणि फळ्याकडे बघत राहिली, जणू ती गोष्ट आपण पहिल्यांदाच ऐकतोय.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "चांगला प्रश्न आहे. मला पुढच्या रविवारपर्यंत वेळ देशील?"

खिंकाळणं थांबलं. दीना म्हणाली, "घ्या की," आणि खाली बसली. तिच्या वडिलांचा, लाजरसमामांचा, एसटी स्टँडवर टांगा होता. ती रोज पहाटे घोड्याला खरारा करायची, आणि रविवारी तशीच, ओढणीवर घोड्याचे केस घेऊन देवळात यायची. तिच्याकडून वेळ मागून घेणारं माणूस तिला तोवर भेटलं नसावं.

पुढच्या रविवारी आई आली, सवयीप्रमाणे व्हरांड्याच्या पायरीवर उभी राहिली आणि येणाऱ्या एकेकाला नावाने हाक मारून आधी स्वतः सलाम केला. सगळे बसल्यावर मात्र ती बसली नाही.

"दीना, मी घोडा शोधला," ती म्हणाली. "कृत्यांच्या पुस्तकाचा नववा अध्याय तीनदा वाचला. पुढे दोन ठिकाणी शौल, पौल झाल्यावर, हीच गोष्ट स्वतः सांगतो, तेही वाचलं. घोडा कुठेच नाही. शौल जमिनीवर पडला, एवढंच आहे. मी चित्रं पाहिली होती, त्यात घोडा होता, म्हणून मी तो तुम्हाला सांगितला. वाचून बघितलं नव्हतं. माझं चुकलं. माफ करा मला."

दीनाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. रागावलेली माणसं तिच्या चांगल्या ओळखीची होती. हा प्रकार नवीन होता.

"असू द्या बाई," ती कशीबशी म्हणाली. "एवढं काय त्यात. घोडाच होता."

"म्हणजे तो पायी निघाला होता?" गिदोन म्हणाला. "यरुशलेमपासून दिमिष्कापर्यंत? मग पडला तेच बरं झालं. जरा टेकला तरी."

आई हसली. सगळे हसले. मी हसले नाही. माझे कान गरम झाले होते.

आई गेली त्याला आता आठ महिने झाले. भेटायला आलेली माणसं तिच्या सहनशीलतेबद्दल बोलली. मी ऐकून घेतलं. पण ती सहनशील नव्हती. तिला राग यायचा, आणि तो ज्वारीच्या पिठावर निघायचा. ज्या दिवशी भाकरी जास्त पातळ व्हायची, त्या दिवशी वडील मला खुणेने विचारायचे, "आज कोण?" फक्त तो राग ती लोकांच्या देखत कुणावर काढत नसे. ही तिची रीत होती, आणि वर्गात त्या रीतीला एक नाव पडलं होतं.

चित्रांची पत्र्याची पेटी जड होती. वर्ग सुटला की ती देवळामागच्या खोलीत नेऊन ठेवावी लागे आणि त्याला दोन माणसं लागत. एकदा सुवर्णवचन, म्हणजे त्या रविवारचं पाठ करायचं वचन, म्हणताना गिदोनने ते तळहातावर लिहून आणलं होतं. आईने पाहिलं, आणि वर्गात एक अक्षर बोलली नाही. शेवटी म्हणाली, "गिदोन, जरा पेटी उचलायला मदत करशील?" खोलीतून तो परत आला तेव्हा त्याने नळावर हात धुतले. मग कोणी भांडलं, कोणी खोटं बोललं, कोणी धाकट्या वर्गाच्या मुलाला रडवलं, की तेच: "जरा पेटी उचलायला मदत करशील?" महिन्याभरात सगळ्यांना त्याचा अर्थ कळला. पेटी उचलून आलेल्याला कोणी काही विचारत नसे, कारण पुढची पाळी कोणाची ते सांगता येत नव्हतं.

मला हे तेव्हा शिक्षण वाटत नव्हतं. शाळेत मुली म्हणायच्या, "तुझी आई टांगेवाल्याच्या पोरीची माफी मागते म्हणे. उभी राहून!" आमच्या वर्गातलं कोणीतरी कौतुकाने सांगितलेलं शाळेत पोचेपर्यंत थट्टा झालं होतं.

थोरातमास्तर शब्बाथ शाळेचे सुपरिंटेंडेंट होते. शाळेतून निवृत्त झाले होते, पण छडी निवृत्त झाली नव्हती. ती काखेत असायची. मंगळवारी मी त्यांच्याकडे गणितं तपासून घ्यायला गेले. वही बघता बघता त्यांनी विचारलं, "काय नामी, आईचा वर्ग कसा चाललाय?"

मला "बरा" म्हणता आलं असतं.

"मुलं तिला घोड्यावरून बोलतात," मी म्हणाले. "आणि आई त्यांची माफी मागते. सगळ्यांसमोर. उभी राहून."

मास्तरांनी चष्मा काढला. "माफी? पोरांची?"

"हो. म्हणाली, माझं चुकलं."

एवढं बोलून मला रडू आलं. मास्तरांना वाटलं की पोरगी आईच्या काळजीने रडतेय. ते म्हणाले, "रडू नकोस. बघतो मी." मला हवं होतं ते एवढंच, की कोणीतरी मोठ्या माणसाने आईला सांगावं, जरा कडक हो. ते दोन शब्द सांगतील आणि झालं, असं मला वाटलं.

मास्तरांनी पंचांची सभा बोलावली. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी, अगदी ओशाळून, जाहीर केलं: सहा आठवड्यांनी शब्बाथ शाळा दिन आहे, नगरहून रेव्हरंड ओहोळसाहेब येणार आहेत, आणि या वर्षी ते मोठ्या वर्गाची सबंध मंडळीसमोर परीक्षा घेतील. त्यांना वर्गात शिस्त दिसली तर ठीक. नाहीतर वर्ग थोरातमास्तरांकडे जाईल.

मास्तरांनी काखेतली छडी या हातातून त्या हातात घेतली.

घरी येताना मी आईकडे बघत होते. त्या दिवशी भाकरी फार पातळ झाल्या. वडिलांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि मी मान खाली घातली.

मग मी वाट बघत राहिले, की आई कधीतरी म्हणेल, "नामी, पेटी उचलायला मदत करशील?" पण ती दर रविवारी दुसऱ्या कोणालातरी घेऊन जायची. एका रविवारी कोणाचीच चूक सापडली नाही तर तिने पेटी वडिलांना उचलायला लावली. म्हणजे तिला माहीत नाही, असं मी ठरवलं. आणि ठरवूनही मला बरं वाटेना.

वर्गात मात्र काहीतरी बदललं होतं. मुलं माझ्याशी विचित्र वागायला लागली. दीना टांग्यात पुढच्या बाजूला, वडिलांच्या शेजारी, कोणालाही बसू देत नसे. एका शनिवारी तिने मला स्वतः हात देऊन तिथे बसवलं आणि सबंध बाजारातून फिरवून आणलं. गिदोनने मला खांबाजवळची सावलीची जागा दिली. एकदा तो "नामी, तू म्हणे—" एवढं म्हणाला, आणि दीनाने त्याच्या पायावर पाय दिला. तो "आई गं!" करून गप्प बसला. मला वाटलं, माझी काहीतरी फजिती करायचा बेत चाललाय. मी चपला घालण्याआधी आतून बघायला लागले.

"आई, त्यांच्याकडून वचनं घोकून घे ना," मी घरी म्हणायचे. "बारा प्रेषितांची नावं. दहा आज्ञा. साहेब तेच विचारणार."

"घेते ना," आई म्हणायची, आणि शनिवारी दुपारी छत्री घेऊन मुलांच्या घरी निघायची. हे तिचं पहिल्यापासून चालू होतं. एका शनिवारी एक घर. गिदोनच्या आईकडून ती बिब्ब्याचं लोणचं शिकून आली. दीनाकडे गेली तेव्हा मीही बरोबर होते. लाजरसमामांनी घाईघाईने खाट टाकली, पण आई खाटेवर बसलीच नाही.

"दीना, मला खरारा करायला शिकव," ती म्हणाली.

"बाई, तुमची साडी..."

"साडी धुता येते."

दीनाने तिच्या हातात लोखंडी खरारा दिला. "मानेपासून खाली. केसांच्या दिशेने. दाबू नका, त्याला गुदगुल्या होतात. आणि मागं उभं राहू नका, बाजूनं राहा. बाजूनं म्हणतेय ना, बाई!"

"चुकले," आई म्हणाली, आणि बाजूला आली.

सरदार, त्यांचा घोडा, मान वळवून तिच्याकडे बघत राहिला आणि मग तिच्या पदरावर भरभरून शिंकला. लाजरसमामांनी जीभ चावली. दीना हसून हसून गव्हाणीवर बसली. आईने पदर पुसला आणि विचारलं, "याला सर्दी आहे की मी आवडले नाही?"

शब्बाथ शाळा दिनाला देऊळ गच्च भरलं. रेव्हरंड ओहोळसाहेब सत्तरी ओलांडलेले, पांढऱ्या दाढीचे, आणि गोष्ट सांगावी तर त्यांनीच, अशी त्यांची जिल्ह्यात ख्याती. आमचा वर्ग पुढे वेदीपाशी दोन रांगांत उभा. आई बाजूच्या बाकावर, हात मांडीवर. तिच्या शेजारी थोरातमास्तर.

सुरुवात बरी झाली. स्तोत्र म्हटलं. दहा आज्ञांत नववी आणि दहावी उलटसुलट झाली, पण साहेबांनी चालवून घेतलं. मग त्यांनी गिदोनला बारा प्रेषित विचारले. तो अकरांवर अडला.

"बारावा?"

गिदोनने छताकडे पाहिलं. "बारावा मला आत्ता येत नाही, साहेब. शोधून सांगतो. वेळ द्याल?"

बाकांवर खसखस पिकली. मास्तर शेजारच्या पंचांना म्हणाले, पुरेसं मोठ्याने, "हे असं. येत नाही म्हणायला शिकवलंय." मला आईकडे बघवेना.

"बरं बरं," साहेब म्हणाले. "आता मीच एक गोष्ट सांगतो आणि तिच्यावर विचारतो." त्यांनी झग्याच्या बाह्या सारल्या. "दिमिष्काचा रस्ता! भर दुपार! आणि त्या रस्त्यावर, बंधुभगिनींनो, एका उंच घोड्यावर स्वार होऊन येतोय..."

आमच्या दोन्ही रांगा ताठ झाल्या. मी माझ्या उजवीकडे उभ्या असलेल्या दीनाकडे पाहिलं. ती साहेबांकडे एकटक बघत होती.

साहेबांनी घोडा दौडवला. टापा वाजवल्या, बाकावर बोटांनी. प्रकाश चमकला तेव्हा त्यांनी असा आवाज काढला की धाकट्या वर्गातलं एक मूल रडायला लागलं. "घोडा बिथरला! दोन पायांवर उभा राहिला! आणि तो गर्विष्ठ माणूस त्या घोड्यावरून, धाडदिशी..." ते थांबले. त्यांचा हात आमच्यावरून फिरला आणि दीनावर स्थिरावला. "तू सांग, मुली. घोड्यावरून कोण पडलं?"

दीनाला गप्प बसता येत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तिने घोडा नाही म्हणून सांगितलं, तर सबंध मंडळीसमोर टांगेवाल्याच्या मुलीने रेव्हरंडसाहेबांना खोटं पाडलं असं होणार. मग छडी वर्गात येणार आणि आई जाणार. आणि हे सगळं मी मंगळवारी गणिताच्या वहीवर रडले म्हणून.

"शौल पडला, साहेब," दीना म्हणाली.

"घोड्यावरून!"

"जमिनीवर, साहेब."

मंडळी हसली, साहेबही हसले. "जमिनीवरच पडणार, आभाळात थोडाच पडेल! शाब्बास." मी श्वास सोडला. आई मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

निकाल चहानंतर सांगायचं ठरलं. सगळे अंगणात गेले. साहेब खुर्चीवर बसून बशीत चहा ओतत होते, आणि मास्तर त्यांच्या कानाशी शिस्तीबद्दल बोलत होते, तेवढ्यात दीना सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "जरा पेटी उचलायला मदत कराल का?"

अंगणात जिथे जिथे आमच्या वर्गातलं कोणी होतं, तिथे तिथे खाणं थांबलं. गिदोनच्या तोंडातलं बिस्किट तोंडातच राहिलं.

"अगं ए!" मास्तर ओरडले. "साहेबांना हमाली सांगतेस? वय काय त्यांचं?"

साहेबांनी दीनाकडे पाहिलं. तिचा चेहरा गंभीर होता. त्यांनी बशी खाली ठेवली. "असू दे मास्तर. बघू अजून जमतंय का."

एका कडीला साहेब, दुसऱ्या कडीला दीना, अशी ती पेटी देवळामागच्या खोलीत गेली. मी फळा घेऊन मागे होते. तो ठेवायचा होताच, आणि नसता तरी मी गेले असते. पेटी खाली ठेवल्यावर दीनाने कोनाड्यातलं शास्त्र, म्हणजे बायबल, काढून उघडलं. त्या पानात तिने आधीच खूण घालून ठेवली होती.

"साहेब, मला इथे घोडा सापडत नाही," ती म्हणाली. "तुम्ही बघून सांगता का? मला दिसला नसेल कदाचित."

साहेबांनी चष्मा लावला. वाचलं. पान उलटलं, परत आणलं, बोटाने ओळ न् ओळ धरून वाचलं. मग ते पेटीवर बसले.

"बेचाळीस वर्षं," ते म्हणाले.

"काय, साहेब?"

"बेचाळीस वर्षं मी हा घोडा उधळवतोय." त्यांची दाढी हलायला लागली. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आणि एकाही माणसाने मला... अगं, मग तिथेच का नाही सांगितलंस? मी तर तुलाच विचारलं होतं."

दीनाला प्रश्न कळलाच नाही. "सगळ्यांसमोर कसं सांगणार?" ती म्हणाली. "ते पेटी उचलताना सांगायचं असतं."

"कोणी शिकवलं तुला हे?"

तिने विचार केला. "कोणी नाही. आमच्यात असंच असतं."

साहेबांनी शास्त्र मिटून तिच्या हातात दिलं. मग उठले, अंगणात गेले, टाळ्या वाजवून सगळ्यांना जवळ बोलावलं आणि म्हणाले, "मंडळी, मघाशी मी तुम्हाला एक घोडा दाखवला. तो शास्त्रात नाही. मी वाचून पाहिलं नव्हतं. माझं चुकलं. माफ करा." त्यांनी आईकडे पाहिलं. "वर्ग आहे तिथेच राहील. आणि उजागरेबाई, पुढच्या वर्षी मी परीक्षा घ्यायला येणार नाही. मागे बसून ऐकायला येईन." मग ते वळून म्हणाले, "थोरातमास्तर, जरा माझी पिशवी गेटपर्यंत न्यायला मदत करता का?"

ते दोघं चिंचेखालून गेटपर्यंत सावकाश चालत गेले. काय बोलले ते कोणाला कळलं नाही. मास्तर परत आले ते नळावर तोंड धुऊन आले. आईसमोर थांबले, "बाई, चहा घेतलात का?" एवढंच म्हणाले, आणि स्वतः जाऊन तिच्यासाठी कप आणला.

तो आठवडा माझा फार वाईट गेला. सगळं चांगलं झालं होतं, त्यामुळे तर आणखीच. म्हातारे रेव्हरंडसाहेब तीनशे माणसांसमोर "माझं चुकलं" म्हणाले होते, आणि मला ते चार भिंतींत एका माणसाला म्हणता येत नव्हतं.

रविवारी वर्ग भरला. आईने पाठ काढायला सांगितला. मी उभी राहिले.

"मला सांगायचंय," मी म्हणाले. "मास्तरांना मी सांगितलं होतं. माफीचं. परीक्षा माझ्यामुळे झाली. आईचा वर्ग माझ्यामुळे जाणार होता. माझं चुकलं."

मी दीनाच्या हाताकडे बघत होते. तिचा हात लागतो कसा ते मला माहीत होतं.

"झालं का एकदाचं!" गिदोन म्हणाला. "सात आठवडे! पोट फुगलं माझं."

"म्हणजे?"

"मास्तरांनी त्याच दिवशी आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. मी दाराआडच होतो. सगळ्या वर्गाला माहीत आहे."

"मी तुझी वेणी उपटणार होते," दीना म्हणाली. "मग म्हटलं, नको. बोंब झाली असती आणि बाईंना कळलं असतं, आपल्याच मुलीनं केलं म्हणून. त्यांना किती लागलं असतं. म्हणून ठरवलं, बाईंपर्यंत जाऊ द्यायचं नाही. आणि तुझ्याशी नीट वागायचं, म्हणजे त्यांना संशय नको." मग तिच्या लक्षात आलं, की बाई समोरच बसल्या आहेत. तिने तोंडावर हात ठेवला.

अकरा जणांनी आईकडे पाहिलं.

आईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"मास्तर मला बुधवारी दवाखान्यातच सांगून गेले होते," ती म्हणाली. "मी बोलले नाही. म्हटलं, मुलांना कळलं तर ती नामीला वर्गात बसू देणार नाहीत."

मग गिदोनने कपाळावर हात मारला, आणि व्हरांडाभर असा हशा उठला की धाकट्या वर्गाच्या बाई खिडकीतून डोकावल्या. जो वर्ग दहा मिनिटं गप्प बसत नाही असा गावभर बोभाटा होता, तो सात आठवडे गप्प बसला होता. आई हसत होती आणि डोळे पुसत होती. मी उभीच होते.

"बैस, नामी," ती म्हणाली. "कुठे होतो आपण? दिमिष्कात. शौल तीन दिवस आंधळा बसलाय आणि त्याच्याकडे जायला सगळे घाबरतायत. वाच पुढे."

मी बसले, पण मला अक्षरं दिसत नव्हती, पान सापडत नव्हतं. दीनाने हात लांब करून माझ्या पुस्तकाचं पान उलटलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

"इथून," ती हळूच म्हणाली.